चाळीस पांढरे शर्ट आणि आमचं मऊ पाणी

आमच्या नळाला जड पाणी येतं, हे बायकोने सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ते पाण्यासारखं दिसायचं, ओतलं की सांडायचं, आणि सांडलं की मला पुसावं लागायचं. याहून जास्त ओळख वाढवायची वेळ आमच्या दोघांवर, म्हणजे माझ्यावर आणि पाण्यावर, कधी आली नव्हती.

वेळ आली ती एका शर्टामुळे.

बायको ज्या दुकानात कपडे दुरुस्त करायची ते दुकान बंद पडलं. त्यानंतर ती घरी बसली असं नातेवाईक म्हणत, पण बसलेली मी तिला पाहिली नाही. मागच्या गॅलरीत तिने दोऱ्या बांधल्या, इस्त्रीचं टेबल लावलं आणि लोकांचे नाजूक कपडे धुवायला घेऊ लागली. लोकरी, रेशमी, लेसचे. धुण्याच्या मशीनमध्ये टाकायला लोकांचा जीव होत नाही असे. हळूहळू चार घरं तिला ओळखू लागली. मग एक दिवस गाण्याच्या शाळेच्या बाई आल्या. त्यांच्या शाळेचा मोठ्या माणसांचा गायकवृंद होता, वर्षाचा मोठा कार्यक्रम जवळ आला होता आणि गायकवृंदाचे चाळीस पांढरे शर्ट कपाटात राहून पिवळे पडले होते. बाईंनी नमुन्यादाखल एक शर्ट दिला.

तो शर्ट बायकोने दोन दिवस जिवापाड धुतला. पांढरा आणि राखाडी यांच्या मधोमध एक रंग असतो. त्याला नाव नाही, पण आमच्या घरातले सगळे टॉवेल त्याच रंगाचे होते. शर्ट त्यांच्या पंगतीत जाऊन बसला. वर हाताला पुठ्ठ्यासारखा लागत होता.

बाईंनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. "शर्ट स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या, "पण थकलेला दिसतो."

बायकोचा चेहरा उतरला. तो पाहून की काय, बाईंनी पिशवीतून दुसरा शर्ट काढला. "हा ठेवून जाते. हा पांढरा आला, तर चाळीसच्या चाळीस तुमच्याकडे. नाहीतर मला मोठ्या लाँड्रीत द्यावे लागतील. वाईट वाटून घेऊ नका."

त्या गेल्यावर बायकोने मला जड पाणी म्हणजे काय ते समजावलं. आपल्या पाण्यात चुना विरघळलेला आहे. साबण कपड्यापर्यंत पोचायच्या आधीच या चुन्याशी भांडत बसतो. त्या भांडणात साबण संपतो आणि दोघांचा मिळून एक चिकट साका होतो, तो कपड्यावर बसतो. "मी कितीही घासलं तरी मी तो साकाच आत घासते आहे," ती म्हणाली. "पाणीच बदललं पाहिजे."

"मी करतो काहीतरी," मी म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारलं, त्या त्या वेळी घरातल्यांनी ताबडतोब मला आडवं पाडून धरायला हवं होतं. पण आमच्याकडे माणसं सभ्य आहेत.

पाणी मऊ करणारं यंत्र मिळतं, त्याला सॉफ्टनर म्हणतात, एवढं मला ऑफिसातल्या एकाकडून कळलं. मी ही बातमी जिन्यात बोललो, ही पहिली चूक. आमच्या समोरच्या दारात जे गृहस्थ राहतात त्यांना सगळी इमारत 'अनुभवी' म्हणते, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव ऐका" इथून सुरू होतं.

"भाऊ, माझा अनुभव ऐका," ते म्हणाले. "यंत्रबिंत्र काही घेऊ नका. नळाच्या पाइपाला लोहचुंबक बांधायचा. चुना घाबरतो."

"तुम्ही बांधलाय?"

"मेव्हण्याने बांधलाय."

"पाणी मऊ झालं?"

"मेव्हणा आता आमच्याशी बोलत नाही," अनुभवी म्हणाले, आणि विषय संपला.

आमच्या बरोबर खाली कवायतीचे सर राहतात. शाळेतून निवृत्त झाले, पण आवाज अजून मैदानावरच आहे. ते आमची नावं घेत नाहीत, 'वरचे' म्हणतात. ते म्हणाले, "वरचे! जड पाणी प्यालो म्हणून माझी हाडं अशी आहेत!" आणि त्यांनी आपल्या नडगीवर बुक्की मारून दाखवली. त्यात पाण्याचा किती वाटा आणि बुक्क्यांचा किती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

यंत्र विकणाऱ्याने फोनवर विचारलं, तुमच्या पाण्याचा जडपणा किती? त्यावर यंत्र केवढं घ्यायचं ते ठरतं. म्हणून मी पाणी खात्याच्या कचेरीत गेलो, सोबत बाटलीत आमचं पाणी घेऊन.

"पाणी येत नाही का?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"येतं."

"गढूळ येतं?"

"नाही, स्वच्छ येतं."

"कमी येतं?"

"भरपूर येतं."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग तक्रार काय?"

"तक्रार नाही. पाणी जड येतं."

तो मागे वळून शेजारच्याला म्हणाला, "यांचं पाणी जड येतंय." शेजारच्याने मान वर न करता सांगितलं, "मग बादली अर्धीच भरा म्हणावं."

मी विमा कंपनीत आहे. समोरच्या माणसाला खिडकीतून परत कसं पाठवायचं हे आम्ही पगार घेऊन शिकलेलो असतो. त्यामुळे मला राग आला नाही, उलट कामाची सफाई आवडली. तरी मी चिकाटीने तीन खिडक्या केल्या आणि मागच्या बाजूच्या प्रयोगशाळेत पोचलो. तिथल्या बाईंनी माझ्या पाण्यात कसलासा थेंब टाकला, पाणी गुलाबी झालं. मग दुसऱ्या बाटलीतून त्या एकेक थेंब मोजत राहिल्या. ते निळं व्हायला जितके जास्त थेंब लागतील तितकं पाणी जड. माझं पाणी निळं होता होईना. "बरंच जड आहे हो," त्या शेवटी म्हणाल्या. मला उगाचच अभिमान वाटला. वर्गात पहिला आल्यासारखा.

मग इमारत समितीचे सेक्रेटरी. त्यांच्या मते इमारतीत 'यंत्र' बसवायला समितीची परवानगी लागते, 'उपकरणा'ला लागत नाही.

"हे काय आहे? यंत्र की उपकरण?"

"उपकरणच म्हणा ना."

"आवाज करतं?"

"थोडा. मधूनमधून."

"मग यंत्र," सेक्रेटरी खिन्नपणे म्हणाले. "आणि त्यातून खारं पाणी बाहेर पडतं असं ऐकतो. ते कुठे सोडणार? माझी बाग खाली आहे."

तेव्हा माझ्यामागे उभी असलेली बायको म्हणाली, "सांडपाण्याच्या पाइपात सोडणार. बागेत एक थेंब जाणार नाही, गेला तर मी स्वतः येऊन बाग खणून देईन. आणि आवाज म्हणाल तर तुमच्या फ्रिजपेक्षा कमी आहे." सेक्रेटरींनी थोडा वेळ आपल्या फ्रिजचा आवाज ऐकला आणि परवानगी दिली.

प्लंबर आला आणि यंत्र बसवून गेला. दिसायला ते अगदी साधं: एक उंच सडपातळ टाकी आणि शेजारी एक बुटकी रुंद टाकी. मधे एक नळी. जोडपंच. प्लंबर बायकोला समजावून सांगत होता आणि मी शेजारी उभा राहून मान डोलवत होतो. उंच टाकीत मोहरीएवढे लाखो पिवळे मणी असतात. पाणी त्यांच्यातून जाताना चुना मण्यांना चिकटतो आणि मणी त्याच्या बदल्यात मिठातला सोडियम पाण्यात सोडतात. मणी चुन्याने भरले की यंत्र आपणहून बुटक्या टाकीतलं मिठाचं पाणी त्यांच्यावरून फिरवतं, चुना सुटून सांडपाण्यात जातो आणि मणी पुन्हा ताजेतवाने. या प्रकाराला प्लंबर 'अंघोळ' म्हणायचा. अंघोळ चालू असताना नळ सोडायचा नाही, कारण तेवढा वेळ जड पाणीच येतं.

"आणि मीठ कुठलं घालायचं?" बायकोने विचारलं.

"गोळ्यांचं. बारीक नको, दगड होतो त्याचा. टाकी काठोकाठ भरायची नाही. आणि अधूनमधून काठीने हलवून बघायचं."

मी मान डोलवली. ऑफिसात मी या कामात तरबेज आहे. डोलवता डोलवता मनात दुसरं काहीही करता येतं.

पहिले काही दिवस घरात नुसता आनंद होता. अंग असं गुळगुळीत लागायचं की साबण निघालाच नाही असं वाटून मी तीन तीन वेळा अंगावर पाणी घ्यायचो. केटलीत पांढरा थर धरायचा थांबला. आणि बाईंचा तो दुसरा शर्ट! बायकोने तो दोरीवर घातला तेव्हा गॅलरीत दिवा लावल्यासारखं झालं. ती त्याच्या समोर हात बांधून कितीतरी वेळ उभी होती. मी तिला हाक मारली नाही.

बाई रविवारी येणार होत्या. तोवर प्लंबरने टाकलेलं मीठ संपत आलं आणि ते आणायची जबाबदारी मी घेतली. दुकानात गोळ्यांचं मीठ नव्हतं. जिन्यात अनुभवी भेटले. "माझा अनुभव ऐका, मीठ ते मीठ," ते म्हणाले. मला पटलं. स्वयंपाकाच्या बारीक मिठाची इतकी पाकिटं मी घेतली की दुकानदाराने विचारलं, "घरात समुद्र करताय का?" मी ते सगळं टाकीत ओतलं आणि आणखी बसावं म्हणून हाताने दाबून दाबून काठापर्यंत भरलं. बायकोला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून सांगितलं मात्र नाही.

धक्का रविवारी सकाळी बसला. साबणाला फेस येईना. पाणी पुन्हा जड.

"मीठ संपलं का?" बायको म्हणाली.

मी ऐटीत झाकण उघडलं. "काठोकाठ आहे. यंत्रच बिघडलं."

तिने आत डोकावलं. मग माझ्याकडे पाहिलं. "हे बारीक मीठ आहे?"

"मीठ ते मीठ," मी म्हणालो, पण आवाज थोडा बसला होता.

"अहो, याचा वर दगड झालाय. खाली पोकळ असणार. पाणी मिठाला लागतच नाहीये. काठीने टोचून बघा. हळू."

ती शर्टाला इस्त्री करायला गेली. मी झाडूचा दांडा घेतला. हळू टोचलं, काही झालं नाही. जरा जोराने टोचलं, तरी नाही. तेव्हा माझ्यातला पुरुषार्थ जागा झाला. मी दोन्ही हातांनी दांडा उचलून सगळ्या वजनानिशी खाली घातला. मिठाचं छप्पर फुटलं, दांडा मुठीपर्यंत आत गेला आणि तळाशी कसलासा 'कट्' असा आवाज झाला. मी ऐकलं नाही असं ठरवलं. टाकी खळखळली, मी बटण दाबून अंघोळ सुरू केली आणि विजयी मुद्रेने बाहेर आलो.

आत मोडलं होतं ते टाकीत पाणी किती भरायचं हे ठरवणारा फ्लोट. तो गेल्यामुळे बुटक्या टाकीत पाणी भरतच राहिलं, आणि इतकं मिठाचं पाणी मण्यांवरून गेलं की ते धुवून काढणं यंत्राला जमेना. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी फक्त अंघोळ संपल्याचं दिसलं, दारावरची घंटा वाजली, बाई आल्या आणि यजमान म्हणून मी लगबगीने चहा केला.

बाईंनी पहिला घोट घेतला आणि त्या थांबल्या. दुसरा घोट घेतला. मी माझा कप तोंडाला लावला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेही या चहापेक्षा कमी खारट असावं. बायकोने कप नाकाशी नेऊन तसाच खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचं घड्याळ वाचू लागलो.

बाईंनी मात्र अर्धा कप संपवला. "गाणाऱ्यांनी मिठाच्या गुळण्या कराव्यात असं मी सगळ्यांना रोज सांगते," त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "चहातून करता येतात हे माहीत नव्हतं. आता शर्ट दाखवा."

शर्ट त्यांनी खिडकीपाशी नेला. उलटा केला, कॉलर पाहिली, बाही पाहिली. मग घडी घालून छातीशी धरला. "गुरुवारी सगळे पाठवते. शनिवारी कार्यक्रम आहे."

बायको जिन्यापर्यंत त्यांना सोडायला गेली आणि परत येऊन स्वयंपाकघरात जाऊन रडली. आनंदाने. मी मागे गेलो तर म्हणाली, "आधी प्लंबरला बोलवा."

प्लंबरने यायच्या आधी फोनवर 'बायपास'चा खटका फिरवायला सांगितला, म्हणजे पाणी यंत्राला वळसा घालून थेट नळाला येतं आणि घर कोरडं पडत नाही. मग गोळ्यांचं मीठ घेऊन आला आणि फ्लोट बदलला. टाकीतलं दगड झालेलं मीठ काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मी टाकीत कमरेपर्यंत वाकून, मगाने खरवडून केलं. प्लंबर त्या वेळी बायकोला पुढची काळजी सांगत होता. मला आतून नुसती गुणगुण ऐकू येत होती. "आता पाणी खरोखर मऊ आहे. साबण निम्म्याहून कमी," हे महत्त्वाचं वाक्य त्याने नेमकं माझं डोकं टाकीत असताना उच्चारलं. पुढच्या प्रकाराची जबाबदारी वाटायची झाली, तर थोडी त्या टाकीलाही द्यावी असं माझं नम्र मत आहे.

गुरुवारी शर्ट आले. बायकोने ते रात्रभर भिजवून ठेवले. शुक्रवारी सकाळी ती हँगर आणायला निघाली. चाळीस हँगर घरात कुणाकडे असतात?

"मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका," ती म्हणाली.

हे वाक्य मला लागलं. मी रजा काढून घरी थांबलो होतो. चार दिवस मी खांदे पाडून फिरत होतो. आता ती परत येईल तेव्हा निम्मं काम झालेलं असावं, तिने दारातच थक्क व्हावं, असं माझ्या मनात आलं. मी एक खेप धुण्याच्या मशीनमध्ये भरली. उरलेले शर्ट न्हाणीघरातल्या मोठ्या टबात घातले. साबणाची पावडर आमच्या जुन्या, जडपणाशी झुंजणाऱ्या मापाने घेतली. मग शर्ट गायकवृंदाचे म्हणून आणखी एक माप. मग पांढरेपणासाठी एक. मग सगळे नळ पूर्ण सोडले.

आधी फेस सुंदर दिसत होता. मग तो टबाच्या काठावर आला. मग त्याने काठ ओलांडला. मी तो हाताने मागे ढकलला, तर तो दुसरीकडून आला. स्वयंपाकघरात मशीनच्या दाराखालून एक पांढरी जीभ बाहेर आली आणि जमिनीवरून सावकाश माझ्याकडे येऊ लागली. मी फेसावर पाणी ओतलं. साबणावर मऊ पाणी ओतल्याने काय होतं, हे मला त्या दिवशी कायमचं समजलं. मी जितकं विझवायला जावं तितका तो भडकत होता. न्हाणीघराच्या जाळीतून मी तो पायाने खाली लोटू लागलो आणि तो बराचसा गेला, म्हणून मला जरा धीर आला.

खालून आवाज आला. "वरचेऽऽ!"

पाठोपाठ जिन्यावर पावलं वाजली आणि दारात कवायतीचे सर उभे राहिले. कमरेला टॉवेल, खांद्यापर्यंत फेस, मिशीही फेसात.

"माझ्या न्हाणीघराच्या जाळीतून ढग वर येतोय," ते म्हणाले. "हे काय चाललंय?"

"शर्ट धुतोय," मी म्हणालो.

"कुणाचे? पलटणीचे?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात त्यांच्या मागे बायको दिसली. दोन्ही हातांत हँगरचे गठ्ठे. तिने फेस पाहिला, मशीन पाहिली, मला पाहिलं. हँगर खाली ठेवले आणि ती दाराशी ठेवलेल्या स्टुलावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी सांगून गेले होते," ती हळू म्हणाली. "तुम्हाला माझं काम म्हणजे गंमत वाटते का?"

कवायतीचे सर एकदम जिन्यातल्या भिंतीकडे बघू लागले. मी गुडघ्यापर्यंत फेसात उभा होतो. मला ती गंमत कधीच वाटली नव्हती. त्या गॅलरीत तिला एकटीला पाहून मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि तिला काय हवंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. एवढंच होतं. पण गुडघाभर फेसात हे बोलायला जमत नाही.

"नाही वाटत," मी म्हणालो. "काय करू ते सांग. तेवढंच करीन."

तिने डोळे पुसले, उठली आणि पदर कमरेला खोचला.

"शर्ट खराब झालेले नाहीत. फक्त साबण निघाला पाहिजे. पण मऊ पाण्यानेच. आता जड पाणी लावलं तर सगळा साबण साका होऊन कापडात बसेल, मग देवही पांढरे करू शकणार नाही." ती यंत्रापाशी गेली आणि तिथला आकडा वाचला. "तुम्ही सगळे नळ सोडलेत. मणी भरत आलेत. आधी अंघोळ घातली पाहिजे. दीड तास तरी कुणी नळाला हात लावायचा नाही."

"हुकूम!" कवायतीचे सर म्हणाले आणि दारात पहाऱ्याला उभे राहिले.

आम्ही यंत्रासमोर जमिनीवर बसून राहिलो. आत पाणी उलटं फिरत होतं, मग मीठ ओढल्याचा बारीक घुर्र आवाज आला, मग पाइपातून चुना वाहून जाऊ लागला. बायको आवाज ऐकूनच आता काय चाललंय ते सांगत होती. तिने यंत्राचं पुस्तक पहिल्याच दिवशी सगळं वाचलेलं होतं. मी फक्त चित्रं पाहिली होती.

जिन्यातली गर्दी पाहून अनुभवी आले. "वहिनी, माझा अनुभव ऐका..."

"भाऊ, अनुभव नको," बायको म्हणाली. "बादली आणा."

अनुभवी क्षणभर तसेच उभे राहिले. मला वाटतं त्यांच्याकडून कुणी वस्तू मागायची ही पहिलीच वेळ असावी. मग धावत जाऊन त्यांनी एक नव्हे, घरातल्या सगळ्या बादल्या आणल्या, आणि कपडे उकळायचं एक जुनं पातेलंही.

यंत्र शांत झालं. बायकोने तीन टब ओळीने मांडले. पहिल्यात सगळ्यात जास्त साबण निघणार, दुसऱ्यात त्याहून कमी, तिसऱ्यातलं पाणी अगदी नितळ हवं. पहिला टब घाण झाला की ओतायचा, दुसऱ्याचं पाणी पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात. मऊ पाण्याचा एक थेंब वाया जाता कामा नये. कवायतीच्या सरांनी घरून शिट्टी आणली.

"एक, बुडव! दोन, पीळ!"

"पिळायचं नाही सर, नुसतं दाबायचं," बायको म्हणाली.

"दोन, दाब! तीन, पुढे!"

मी पहिल्या टबावर होतो, अनुभवी दुसऱ्यावर, बायको शेवटी. प्रत्येक शर्ट ती डोळ्यांसमोर धरायची, कॉलर चेहऱ्याला लावायची, आणि निसरडा लागला तर परत पाठवायची. अनुभवींनी शेजारी बसून दोन तासांत एकही अनुभव सांगितला नाही. त्यांची बोटं सुरकुतली होती. फक्त एकदा म्हणाले, "भाऊ, हे काम सोपं नाही हो." मी म्हणालो, "नाही."

उतरत्या उन्हात आम्ही शर्ट गच्चीवर नेले. गॅलरीत चाळीस मावणार नव्हते. शेवटचे काही घालत असताना सेक्रेटरी वर आले. गच्चीवर कपडे वाळवायला मनाई आहे, पाटी दाराशीच लावलेली आहे, आणि ती पाटी त्यांनीच लिहिलेली आहे. आम्ही सगळे ओले, थकलेले, ओळीत उभे राहिलो.

सेक्रेटरींनी शर्ट पाहिले. वारा सुटला होता आणि सगळ्या बाह्या एकाच दिशेला उडत होत्या. मग त्यांनी कडेच्या शर्टापाशी जाऊन खाली पडलेला चिमटा उचलून लावला. "याला एक कमी पडत होता," ते म्हणाले. "सकाळी लवकर काढा." आणि खाली गेले.

शनिवारी दुपारपर्यंत इस्त्री चालली. मी हँगर हातात देत होतो, सांगितला तेवढाच. चारला शाळेची गाडी आली आणि शर्ट गेले. घर एकदम मोकळं आणि ओकंबोकं वाटू लागलं.

बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. आम्ही सभागृहात मागच्या बाजूला बसलो. बायकोचे हात साबणाने उललेले होते, ते तिने पदराखाली लपवले. पडदा वर गेला. दिवे लागले आणि चाळीस माणसं तीन ओळींत उभी होती, पांढरीशुभ्र. समोरच्या रांगेतलं कुणीतरी "अरे वा," असं म्हणालं. अजून कुणी गायला तोंडही उघडलं नव्हतं.

बायकोने माझं मनगट धरलं. गाणं सुरू झालं. ती पुढे वाकून एकेक कॉलर बघत होती, पहिली रांग, मग दुसरी, मग तिसरी. मीही बघू लागलो. एका जाड्या गृहस्थांनी वरच्या सुरासाठी हात उंचावला तेव्हा त्यांच्या काखेची शिवण ताणली गेली आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी श्वास रोखला. शिवण टिकली. गाण्यामागून गाणी झाली, लोक टाळ्या वाजवत होते, आणि तिची पकड हळूहळू सैल होत गेली. तिचा हात मनगटावरून माझ्या हातात कधी आला, ते कळलं नाही.

बाहेर पडताना शेजारी बसलेल्या आजींनी बायकोला थांबवलं. "किती छान झालं ना! तुम्हाला कसं वाटलं गाणं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांपैकी कुणीही एक ओळ ऐकलेली नव्हती.

"स्वच्छ," ती म्हणाली. "अगदी स्वच्छ!"